खाजेची गोळी आणि मनाची गोळी

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसबाईंनी मला केली, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, हळदीकुंकवाचे वाण मोजले, भिशीचा हिशेब धरला. उभे राहून बोलण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. पण बाई म्हणाल्या, "संक्रांतीच्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात जे सांगत होतात, तेच सगळ्यांपुढे सांगा. दुसरे काही नको." म्हणून आज धीर करून उभी आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

माझी गोष्ट खाजेची आहे. हसू नका. पोटात दुखले तर बाई चारचौघींत सांगते, डोके दुखले तर कपाळाला पट्टी बांधून बसते. पण खाज सुटली तर ती सांगायची कोणाला? खाज म्हटली की लोकांना अस्वच्छताच आठवते.

२०२२ सालच्या दिवाळीनंतर पऱ्हाटीची वेचणी चालू होती. प्रथम पोटऱ्यांना कंड सुटू लागला. मला वाटले, वेचणीत काही तरी लागले असेल. मग तो पाठीवर चढला, मग दंडांवर. दिवसा कामाच्या नादात कळत नसे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. अंगावर पुरळ नाही, गांध नाही. जे काही ओरखडे ते माझ्याच नखांचे. रात्री दोन-दोन वाजता उठून मी मोरीत जाऊन अंगावर गार पाणी घेई, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवी.

घरचे उपाय सगळे झाले. सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला उकळून दिला, आमसुलाचे पाणी लावले, गेरू लावला. खोबरेल तेलाने तेवढ्यापुरते बरे वाटे. मग बाजारातून एक मलमाची नळी आणली. पहिले चार दिवस स्वर्ग वाटला, पाचव्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त. एक नळी संपली की दुसरी, असे तीन महिने चालले, आणि कोपराच्या आतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. पुढे कळले की त्या मलमात स्टिरॉइड होते. असल्या मलमाने गजकर्णासारखा रोग दबतो आणि मग दुप्पट पसरतो. चांगली कातडीही झिजते. २०१८ साली सरकारने अशी पुष्कळ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला आहे. नियम कागदावर आहे. आपण मात्र अजून शेजारणीची नळी मागून आणतो. मीही तेच केले, म्हणून दोष दुसऱ्या कोणाला देत नाही.

शेवटी यजमान म्हणाले, "चल, नांदेडला दाखवू." उमरखेडहून एस. टी. धरली, पैनगंगा ओलांडली आणि नांदेडला एका चर्मरोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी माझे अंग तर पाहिलेच, पण बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का ते विचारले. खरूज असली तर ती एकट्या माणसाची नसते. सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावावे लागते, कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात. मला खरूज नव्हती, गजकर्णही नव्हते. मग रक्त तपासले: साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, रक्तातले लोह. मी म्हटले, "बाई, खाज कातडीला आहे, यकृत कशाला तपासता?" त्या म्हणाल्या, "सहा आठवड्यांहून जास्त चालणारी खाज ही कधी कधी आतल्या रोगाची हाक असते. कावीळ, मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइड, लोहाची कमतरता यांनीही अंग खाजते. आधी ती हाक ऐकली पाहिजे, मग औषध." भगिनींनो, एवढे एक वाक्य लक्षात ठेवलेत तरी माझे आजचे बोलणे वाया गेले नाही.

माझे रक्त ठीक निघाले. त्यांनी अंगाला लावायला मऊ मलम दिले, कडक साबण आणि फार गरम पाणी बंद केले, ऍलर्जीच्या गोळ्या दिल्या. दीड महिना ते सगळे मन लावून केले. कातडी सुधारली, पण रात्रीची खाज गेली नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी रात्री घ्यायची एक लहान गोळी लिहून दिली. तिचे नाव डॉक्सेपिन, दहा मिलिग्रॅम. म्हणाल्या, "ही घेऊन बघा. झोप येईल, तोंडाला कोरड पडेल, घाबरू नका. पंधरा दिवसांनी फोन करा."

चौथ्या रात्री मी सलग पाच तास झोपले. सकाळी कोंबडा आरवला तो मला ऐकूच आला नाही. सासूबाईंनी उठवले तेव्हा त्यांना वाटले मला तापच आला आहे.

इथपर्यंत सगळे चांगले झाले. पुढचे सांगताना मात्र मला अजून संकोच वाटतो.

पंधरा दिवसांनी माझ्या दिराच्या मुलाने गोळीचे पाकीट पाहून मोबाइलवर नाव घातले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने वाचले: "नैराश्यावरील औषध." पाटावर जेवायला बसलेली मंडळी गप्प झाली. यजमानांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "अवं, तुले काय कमी आहे या घरात?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दुःखच होते, आणि तेच मला जास्त लागले. सासूबाई म्हणाल्या, "पोरीची सोयरीक चालू आहे. आई डोक्याच्या गोळ्या खाते असे बाहेर गेले तर?" जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण भांडी घासताना त्यांनी मला हळूच विचारले, "खरे सांगा, काही झाले आहे का?"

मलाही डॉक्टरीणबाईंचा राग आला. वाटले, यांना माझी खाज खोटी वाटली! कातडीवर काही दिसेना, म्हणून मला वेडीच ठरविले. त्या रात्रीपासून गोळी बंद. पाकीट मी तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी दडपले. फोन केला नाही.

आठ दिवसांत खाज परत आली, आणि नेमके त्याच आठवड्यात लेकीला पाहायला पाहुणे आले. पोहे, चहा, पानसुपारी सगळे रीतीप्रमाणे झाले. मी पदराखाली हात घेऊन बसले होते, तरी हात स्वस्थ राहीना. ताट उचलताना मुलाच्या आईची नजर माझ्या मनगटावरच्या रक्ताळलेल्या ओरखड्यांवर गेली. त्या आत येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "खरूज आहे का हो घरात?" मी म्हटले, "छे हो, उष्णता आहे." चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. खरे कारण काय, ते देव जाणे. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. गोळीची लाज वाटून मी गोळी लपवली. खाज काही लपवता आली नाही. लोकांच्या मनात गोळीपेक्षा वाईट तेच आले.

त्या रात्री लेक डाळीच्या डब्यातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, उद्या आधी डॉक्टरीणबाईंना फोन कर. माझे मी बघीन."

दुसऱ्या आठवड्यात यजमान आणि मी दोघेही नांदेडला गेलो. या खेपेला मी बाईंना स्पष्टच विचारले, "तुम्हाला माझी खाज मनाची वाटते का?" त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "चूक माझी झाली. हे औषध कशासाठी देते आहे, ते मी पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवे होते." मग त्यांनी आम्हा दोघांना समजावून सांगितले. ते मला जसे समजले तसे सांगते.

डास चावला की गांध उठते आणि कंड सुटतो, तो शरीरातल्या हिस्टामिन नावाच्या द्रव्यामुळे. ऍलर्जीची नेहमीची गोळी या हिस्टामिनची वाट अडवते. डॉक्सेपिन हे औषध नैराश्यावर चालते हे खरे. पण हिस्टामिनची वाटही ते फार घट्ट अडवते, आणि तेही अगदी थोड्या मात्रेत. नैराश्यासाठी हे औषध बहुधा दिवसाला पंच्याहत्तर मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त देतात. मला दिले होते दहा.

दुसरे असे की सगळी खाज हिस्टामिनची नसते. आपल्याकडे रानात खाजकुइली असते. लहानपणी तिच्या शेंगेचे कुसळ अंगाला लागून रडली नाही अशी बाई इथे विरळा. ती खाज हिस्टामिनची नव्हे. तिचा निरोप निराळ्या मज्जातंतूंवरून मज्जारज्जूत आणि तिथून मेंदूकडे जातो. म्हणून ऍलर्जीची गोळी तिला पुरत नाही. जुनाट खाजेत पुष्कळदा असेच होते. कातडी शांत झाली तरी तंतूंना निरोप धाडण्याची सवय लागून राहते. मनाच्या औषधांचे काम ज्या द्रव्यांशी असते, ती द्रव्ये या तंतूंच्या वाटेवरही असतात. म्हणून ही औषधे त्या निरोपाचा जोर कमी करतात, असे मानतात. म्हणजे खाज खरी, तंतू खरे आणि औषधही खरे. त्यात माझ्या डोक्यावर ठपका कुठेच नाही.

आणि तिसरी गोष्ट झोपेची. खाजविले की कातडी सोलते, सोललेली कातडी आणखी खाजते, आणि रात्रभर तेच चक्र चालते. झोप लागली की चक्र थांबते आणि कातडीला भरून यायला सवड मिळते.

माझी एक भाची फार्मसी शिकते. तिने मला या औषधांचे कूळ सांगितले, ते ऐकून तर मला मौजच वाटली. ऍलर्जीवरची औषधे शोधता शोधताच मनाची औषधे सापडली! फ्रान्समध्ये ऍलर्जीच्या औषधांच्या घराण्यातूनच क्लोरप्रोमाझिन निघाले आणि १९५२ साली ते मनाच्या रोग्यांना देऊ लागले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून या डॉक्टरांनी इमिप्रमिन नावाचे औषध नैराश्यावर चालते असे १९५७ साली जगापुढे मांडले. तेही त्याच गोत्रातले. डॉक्सेपिन हे त्यांचेच धाकटे भावंड. अमेरिकेत १९६९ साली त्याला मनाच्या आजारासाठी मान्यता मिळाली, १९९४ साली त्याचे मलम खास खाजेसाठी मान्य झाले, आणि २०१० साली अगदी लहान मात्रेची गोळी झोपेसाठी. औषध एकच, कामे तीन. खाजेसाठी ते पोटात देतात तेव्हा पाकिटावर तसे लिहिलेले नसते; डॉक्टर अभ्यासाने आणि अनुभवाने देतात. आपण पाकीट वाचतो आणि घाबरतो.

यात नवल ते काय? हळद आपण भाजीत घालतो, जखमेवर दाबतो, नवरीलाही लावतो. बोट कापले आणि हळद लावली म्हणून कोणी त्या बाईला नवरी म्हणत नाही. ऍस्पिरिन तापावर चालते आणि तेच थोड्या मात्रेत हृदयाच्या रोग्याला देतात. कर्करोगावरचे एक औषध लहान मात्रेत सांधेवाताला देतात. मग मनाच्या औषधालाच आपण एवढे का भ्यावे?

संक्रांतीच्या दिवशी स्वयंपाकघरात मी हे बोलले, तेव्हा तीन जणींनी मला एकेक करून बाजूला घेतले. एकीला अर्धशिशीसाठी असेच औषध आहे. दुसरीला नागीण होऊन गेल्यावर राहिलेल्या आगीसाठी आहे. तिसरीला खाजेसाठीच दिले होते, तिने ते नाव वाचून नदीत टाकले. तिघींनाही वाटत होते की असली गोळी घेणारी गावात मी एकटीच. म्हणून हे भाषण. नावे विचारू नका.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी, कारण माझे ऐकून उद्या कोणी परस्पर गोळी आणली तर ते पाप माझ्या माथी नको.

पहिली गोष्ट, हे औषध खाजेवरचा पहिला उपाय नव्हे. आधी कारण शोधायचे, कातडीची निगा राखायची, साधे उपाय करायचे. त्यांनी भागले नाही तरच डॉक्टर याचा विचार करतात. सगळ्यांना याचा गुण येतोच असेही नाही.

दुसरी गोष्ट, सर्वांना हे चालत नाही. काचबिंदू असेल, लघवी अडण्याचा त्रास असेल, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल, पोटुशी असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. दुसऱ्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांची पाकिटे सोबत न्या. म्हाताऱ्या माणसांना याने गुंगी येऊन पडण्याचे भय असते. मला स्वतःला सकाळी जडपणा येई, तोंड कोरडे पडे, शौचास कडक होई आणि वजनही थोडे वाढले. गोळी घेतल्यावर विळ्यावर बसू नका, गाडी चालवू नका. घरात कोणी दारू घेत असेल आणि त्याला ही गोळी असेल, तर दोन्ही मिळून घात होतो.

तिसरी गोष्ट, आपल्या मनाने सुरू करू नका आणि आपल्या मनाने बंदही करू नका. माझी फजिती तुम्ही ऐकलीतच. घेताना मन अधिकच उदास झाले, नको ते विचार आले, विशेषतः तरुण पोरापोरींना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. या गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर हृदयाला अपाय होतो, जीवही जातो. लेकरांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. तुरीच्या डब्यात तर मुळीच नको! मी केवढा मूर्खपणा केला होता, ते मला हे ऐकल्यावर समजले आणि अंगावर काटा आला.

भगिनींनो, आता शेवटचे. नांदेडहून परतताना एस. टी.त यजमान मला म्हणाले, "बरे झाले, तुला मनाचे काही नाही." मीही तेव्हा सुटकेचा श्वास टाकला. पण घरी आल्यावर मी विचार करीत बसले. मला मनाचा आजार नव्हता, हे माझे नशीब. असता, तर काय मी गोळी नदीत टाकायची होती? खाज रात्री झोपू देत नाही; दुःखही रात्री झोपू देत नाही. खाजेला कोणी निदान ओरखडे तरी पाहतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्याने कास्तकारांच्या घरची किती दुःखे पाहिली, ते मी तुम्हाला काय सांगावे? त्यातल्या कित्येक घरांत कोणी वेळेवर औषधाला गेले असते, आणि जाताना लाजले नसते, तर कदाचित एखादे कुंकू राहिले असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेली-मानस म्हणून एक दूरध्वनी सुरू केला आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, आपल्या भाषेत बोलता येते. हा आकडा घरात कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपल्याला लागला नाही तर शेजारणीला लागेल.

मी ती गोळी सहा महिने घेतली. मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करून बंद केली. आता थंडीत थोडा कंड सुटतो, तो मऊ मलमाने भागतो. लेकीचेही गेल्या वर्षी जमले. ते पाहुणे आले तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याचे तेल, यजमानांची रक्तदाबाची गोळी आणि माझे औषधाचे पाकीट, सगळे उंच देवळीत एकाच डब्यात होते. डब्यावर सासूबाईंनी नातवाकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आहे: "औषधे." बस्स, एवढेच. कोणते कोणाचे आणि कशाचे, ते कोणी विचारले नाही.

 आपले मंडळ असेच भरभराटीस येवो, आणि त्याच्या स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलेल्या गोष्टी अशाच सभेत मोकळेपणाने सांगता येवोत, एवढी प्रार्थना करून मी माझे चार शब्द पुरे करते.